संगणकाच्या पोटात संगणक

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. वाटलं, मागच्या बाकावरच्या कोणाला तरी सांगताहेत. कारण मी पडले कॉन्व्हेंटची! शाळेत मराठी हा विषय होता, पण वर्गात मराठीत बोललं की एक रुपया दंड. घरी मराठी, रिक्षात मराठी, भाजीवाल्या मावशींशी मराठी, आणि परीक्षेत मात्र निबंध आला की पोटात गोळा. मला वाचता येतं, बोलता तर फारच येतं (हे वर्गाला विचारा), पण लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घ माझ्याशी लपंडाव खेळतात. तेव्हा वाचकहो, चुका पोटात घाला. पोटावरून आठवलं, विषयही पोटाचाच आहे.

टी.ई.ला आल्यावर पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी फर्मान काढलं की सगळं लिनक्सवर करायचं. लॅब मॅन्युअलच्या प्रत्येक पानावर तेच लिहिलेलं असतं, ६४ बिट ओपन सोर्स लिनक्स. कॉलेजच्या लॅबमध्ये आहेच लिनक्स, पण घरी सराव कसा करायचा? माझ्या लॅपटॉपवर विंडोज. बाबांनी घेऊन दिलेला, ८ जीबी रॅमचा, आणि घेताना सांगितलेलं, "बी.ई. होईपर्यंत हाच. मधे काही मागायचं नाही."

आमच्या बॅचचा रोल नंबर ४२ (नाव सांगत नाही, त्याचं लग्न व्हायचंय) अतिउत्साही. त्याने त्याच रात्री ड्युअल बूट करायला घेतलं. म्हणजे एकाच हार्ड डिस्कचे वाटे करून एका वाट्यात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स, आणि मशीन सुरू करताना विचारायचं की आज कोण? इन्स्टॉलरने विचारलं, "सगळी डिस्क वापरू का?" हा म्हणाला, "वापर." सकाळी लिनक्स अगदी झकास चालू होतं. फक्त त्याच्या ताईच्या लग्नाचे सगळे फोटो गेले होते. दोन महिने घरात त्याला कोणी चहा विचारला नाही म्हणे.

ते ऐकल्यावर मी ठरवलं, आपण आपलं व्हर्च्युअल मशीन करू.

ज्यांची ब्रँच कॉम्प्युटर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पंचवटीत माझी आजी एका जुन्या वाड्यात राहायची. एक वाडा, सात बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी, देव्हारा वेगळा, भांडणं वेगळी, दाराला कडी लावली की आतल्या माणसाला वाटावं सगळं जग आपलंच. पण नळ एक, जिना एक आणि मालक एक. व्हर्च्युअल मशीन म्हणजे असं एक बिऱ्हाड. माझ्या विंडोजमध्ये एक साधा प्रोग्रॅम चालतो आणि तो आतल्या लिनक्सला सांगतो, ही बघ तुझी रॅम, हा तुझा प्रोसेसर, ही तुझी हार्ड डिस्क. ती हार्ड डिस्क प्रत्यक्षात माझ्या डी ड्राइव्हमधली एक मोठी फाइल असते. बिचाऱ्या लिनक्सला पत्ताच नसतो की आपण भाड्याने राहतोय. बाहेरच्याला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट, आणि वाड्याच्या मालकाला हायपरवायझर. व्हायवाला "व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय" विचारलं आणि तुम्ही जावाच्या जेव्हीएमबद्दल बोलायला लागलात तर एक्स्टर्नल नुसते हसतात. ते मशीन वेगळं, तिथे अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम राहायला येत नाही. पहिल्या वर्षी ज्या डॉसबॉक्समध्ये आपण टर्बो सी चालवतो तेही वेगळं. तो एम्युलेटर, तो प्रत्येक सूचनेचं सोंग वठवतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये बहुतेक सूचना खऱ्या प्रोसेसरवरच चालतात, म्हणून वेग मिळतो.

मला वाटत होतं ही कल्पना अगदी नवी आहे. तर नाही! १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात हे काम सुरू झालं. तेव्हा खोलीभर मशीन आणि ते वापरायला माणसं अनेक, मग प्रत्येकाला स्वतःचं मशीन असल्याचा भास द्यायचा. १९७२ मध्ये त्यांनी व्हीएम/३७० नावाने ते बाजारात आणलं. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी नियमच लिहून दिला, की प्रोसेसर कसा असेल तर त्यावर हे नीट जमेल. त्यातला मुख्य मुद्दा असा की गेस्टने एखादी नाजूक सूचना चालवायचा प्रयत्न केला की प्रोसेसरने थांबून मालकाला हाक मारली पाहिजे.

आपल्या घरोघरी असलेला एक्स८६ प्रोसेसर इथेच नापास! त्याच्या काही सूचना अशा होत्या की हक्क नसताना चालवल्या तर तो ना थांबायचा, ना ओरडायचा. पॉपएफ ही त्यातली प्रसिद्ध. गेस्टला वाटतं आपण इंटरप्ट बंद केले, प्रत्यक्षात प्रोसेसरने ते मुकाट्याने दुर्लक्षित केलेलं असतं. २००० साली पेंटियमचा अभ्यास करून अशा १७ सूचना मोजल्या गेल्या. त्याआधीच, १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी व्हीएमवेअर कंपनी काढून यावर तोड शोधली होती. चालता चालता गेस्टचा कोड वाचायचा आणि नाजूक सूचना दिसली की तिच्या जागी दुसरा कोड घालायचा. १९९९ मध्ये त्यांचं वर्कस्टेशन बाजारात आलं. मग २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय केली. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्येच सामील झालं. आज तुम्ही क्लाउडवर "सर्व्हर" भाड्याने घेता तो बहुतेक वेळा असाच कुठल्यातरी वाड्यातलं बिऱ्हाड असतो. थिअरी संपली, आता माझी फजिती ऐका.

पहिल्या दिवशी मला यादीत ६४ बिटचं लिनक्स दिसेचना, सगळी नावं ३२ बिटची. मी आयएसओ फाइल तीनदा डाउनलोड केली. घरचं वायफाय त्या दिवशी माझ्या नावाने खडे फोडत असेल. शेवटी कळलं की बायोसमध्ये ती प्रोसेसरची सोय बंद होती. एक एंटर मारायचं काम! दुसऱ्या आठवड्यात सगळं इतकं हळू चालायला लागलं की टर्मिनलमध्ये एक अक्षर टाइप करून मी पाणी पिऊन येत होते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटंसं हिरवं कासव दिसत होतं. मला वाटलं, काय गोड चित्र आहे! मीच विंडोजमधला दुसरा हायपरवायझर चालू करून ठेवला होता, एका वाड्याला दोन मालक झाले होते, आणि कासव मला तेच सांगत होतं.

पण एकदा बसलं की मजा येते हो. ऑपरेटिंग सिस्टीम शिकताना मोडतोड केल्याशिवाय काही कळत नाही, आणि खऱ्या लॅपटॉपवर मोडतोड करायची हिंमत नसते. मी आत फोर्क बॉम्ब टाकला. म्हणजे स्वतःच्याच दोन प्रती काढणारी प्रोसेस, त्या दोनाच्या चार, चाराच्या आठ. लिनक्स गुदमरलं. मी खिडकी बंद केली, स्नॅपशॉटवरून परत आणलं, जणू काही झालंच नाही. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाचा फोटो, हवं तेव्हा त्या क्षणाला परत जाता येतं. सबमिशनच्या आदल्या रात्री आयुष्यालाही अशी सोय पाहिजे होती.

एवढ्यावर हा लेख संपला असता. पण मग काकांचा प्रेस आला.

माझे काका रविवार कारंजाजवळ छोटासा प्रेस चालवतात. लग्नपत्रिका, बिलबुकं, दशक्रियेची कार्डं, गणपती मंडळांच्या पावत्या. नाशिकला छपाई म्हटलं की सगळ्यांना नाशिकरोडच्या नोटा आठवतात. आमचे काका म्हणतात, "ते नोटा छापतात, आम्ही त्या मोजून घेणाऱ्यांच्या पावत्या छापतो." आजोबा खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. काकांनी लहानपणी तेच पाहिलं, आणि पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा २००३ च्या सिंहस्थाच्या आधी कर्ज काढून एक मशीन घेतलं. विंडोज २०००, पेजमेकर, ४० जीबीची हार्ड डिस्क, आणि मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे डोंगल, मागे प्रिंटरच्या लांब पोर्टला लावायचं. ते लावलं नाही तर मराठी टाइप होत नाही.

तेच मशीन काका इतकी वर्षं चालवत होते. कारण त्यात सगळं होतं. बावीस-तेवीस वर्षांच्या पत्रिका, २००३ च्या आणि २०१५ च्या कुंभातली धर्मशाळांची, अन्नछत्रांची, पूजाविधीची पत्रकं. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "काका, मागच्या कुंभात केलं होतं तसंच करा, फक्त तारखा बदला." २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, आणि मशीन सुरूच होईना. आत उघडून पाहिलं तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी जुन्या बाजारातून शोधून एक बोर्ड बदललाच होता, तोही गेला. आणि हार्ड डिस्क टकटक आवाज करत होती. हार्ड डिस्क टकटक करते म्हणजे काय ते काकांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"अगं, तू कॉम्प्युटर शिकतेस ना? बघ काही होतंय का," काका म्हणाले. चौथीत पाढे म्हणायला लावायचे तेव्हा जसा घसा सुकायचा तसा सुकला. ह्या वेळी पाढा चुकला असता तर काकांचा धंदा बसला असता.

बॅकअप? होता की! दोनशेच्या आसपास फ्लॉपी आणि काही सीडी. फ्लॉपी आता वाचायच्या कशात, आणि बऱ्याच सीडींना बुरशी लागलेली.

रोल नंबर ४२ ला बोलावलं. ताईच्या फोटोंनंतर तो डेटा रिकव्हरीत तज्ज्ञ झाला होता! जुन्या डिस्कचा चपटा वायर यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर आणला, लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू केलं आणि डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायला घेतली. हा प्रोग्रॅम हुशार असतो. आधी सोपा भाग वाचून घेतो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे परत जातो. डिस्क अर्ध्यात मेली तरी जमेल तेवढं पदरात पडलेलं असतं. निरोगी डिस्क तासाभरात झाली असती, हिला अख्खी रात्र लागली. काका दुकानात खुर्चीवर बसून होते, आम्ही दोघं जमिनीवर. प्रत्येक टकटकीला काका मान वर करायचे. आयसीयूबाहेर बसतात ना, तसं. पहाटे वाचता न आलेला भाग काही किलोबाइटच उरला. काकांनी कारंज्यावरून पोहे आणि चहा आणला.

मग ती प्रत व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणून लावली. पहिल्या झटक्यात निळी स्क्रीन! विंडोज २००० चालू होताना एकदम आपल्या खालचं सगळं हार्डवेअर बदललेलं बघून घाबरतं. मी डिस्क साटा कंट्रोलरला जोडली होती, त्या बिचाऱ्याच्या काळात ते नव्हतंच. जुन्या आयडीई कंट्रोलरला लावली, तरी निळीच. जुन्या मदरबोर्डच्या चिपसेटचा ड्रायव्हर तो शोधत होता. शेवटी ४२ ने लिनक्समधूनच त्याची रजिस्ट्री उघडून बाहेरून नोंदी घातल्या, आणि पाचव्या की सहाव्या प्रयत्नाला तो जुना निळसर डेस्कटॉप आला. कोपऱ्यात काकांनी ठेवलेला काळारामाचा फोटो. "हां! हेच माझं मशीन," काका म्हणाले, आणि माउस हलवायला गेले तर तो खिडकीत अडकून बसला, बाहेरच येईना. उजवीकडचं कंट्रोल बटण दाबायचं असतं, हे त्यांना अजूनही आठवण करून द्यावं लागतं.

एक बरं होतं. हार्डवेअर बदललं की पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागायची विंडोजची पद्धत २००१ च्या एक्सपीपासून सुरू झाली. काकांचं २००० त्या भानगडीतून सुटलेलं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. सगळं चाललं. पेजमेकर उघडलं, जुन्या फाइल उघडल्या, फाँट विंडोजमध्ये बसवलेलेच होते म्हणून पानं जशीच्या तशी दिसली. २०१५ चं पत्रक उघडलं. काकांनी कर्सर ठेवला, 'क' दाबला, आणि मराठीच्या जागी काहीतरी भलतंच चिन्ह आलं. डोंगल! माझ्या लॅपटॉपला तो लांब पोर्ट कुठून असणार? यूएसबीचा अडॅप्टर आणला, तो फक्त प्रिंटरसाठी असतो, डोंगलला तो पोर्ट वाटतच नाही. पुढे डेस्कटॉपला पोर्टचं कार्डही लावून पाहिलं. होस्टला पोर्ट दिसतो, आतल्या सॉफ्टवेअरला डोंगल काही दिसत नाही. व्हर्च्युअल मशीन प्रोसेसर देतं, रॅम देतं, डिस्क देतं, पण खरीखुरी वस्तू मागितली की हात वर करतं. वाड्यात सगळं मिळतं, मालकाच्या कपाटाची किल्ली मिळत नाही.

कोणीतरी सुचवलं की त्या सॉफ्टवेअरचं लॉक तोडलेली प्रत मिळते. काका म्हणाले, "मी पैसे मोजून घेतलंय. आता चोरीचं वापरू?" विषय तिथेच संपला. मी मनातल्या मनात तो डाउनलोड बंद केला.

म्हणजे परिस्थिती अशी, की जुनं सगळं वाचता येतंय, छापता येतंय, पण एक अक्षर नवीन लिहिता येत नाही. मला एकदम ओळखीचं वाटलं!

दोन दिवसांनी दुकानात गेले तर काका त्या खिडकीत मान घालून बसलेले. त्यांनी २०१५ चं पत्रक उघडलं होतं आणि '२०१५' मधला '१५' काढून तिथे '२७' लावला होता. "टाइप झालं?" मी ओरडलेच. "नाही गं. दोन इथलाच घेतला, सात खालच्या फोन नंबरातला उचलला." मग दुसऱ्या पत्रिकेतून 'श्रा', तिसऱ्यातून 'वण', कॉपी-पेस्ट, कॉपी-पेस्ट. "तुझे आजोबा खिळे असेच उचलायचे खणातून," ते म्हणाले. "हा एवढा मोठा खण झाला म्हणायचा." आठ ओळींच्या मजकुराला सव्वा तास लागला. पण पत्रक तयार झालं आणि गिऱ्हाईक घेऊन गेलं.

हे असं का चालतं, ते मला त्या दिवशी समजलं. जुन्या मराठी फाँटमध्ये अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते इंग्रजीच, फक्त अंगावर मराठी कपडे. (कॉन्व्हेंटमध्ये आमचं उलटं होतं.) फाँट काढून घेतला की खाली नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथे देवनागरीला स्वतःचं घर आहे. गंमत म्हणजे विंडोज २००० मध्ये युनिकोड मराठी होतं, मंगल फाँटही होता. पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, म्हणून प्रेसवाल्यांचं सगळं जग त्या जुन्या फाँटवरच उभं राहिलं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७, तीही २००१ ची.

आता फायदे-तोटे. मॅडमनी सांगितलं होतं की दोन्ही बाजू यायला हव्यात. फायदे वर येऊन गेले. तोट्यातला पहिला म्हणजे रॅम. आठातली चार आत दिली की बाहेर ब्राउझरच्या चार टॅबना धाप लागते, पंखा मिक्सरसारखा फिरतो, बॅटरी दीड तासात मान टाकते. एका नळावर सात बिऱ्हाडं, सकाळी काय होणार ते आजीला विचारा. दुसरं, स्नॅपशॉटला बॅकअप समजणं. हे मी स्वतः केलंय. काकांच्या मशीनचे मी कौतुकाने नऊ स्नॅपशॉट काढले, डिस्क भरली, जागा करायला मी एक फाइल हाताने डिलीट केली, आणि पुढची सगळी साखळी तुटली. स्नॅपशॉट मूळ डिस्कवर अवलंबून असतो, तो फोटो नसून आधीच्या फोटोत काय बदललं त्याची चिठ्ठी असते. हे पुस्तकात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. ती पहाटेची मूळ प्रत वेगळी ठेवली होती म्हणून वाचले, पण काकांची तीन दिवसांची जुळवाजुळव गेली. काका रागावले नाहीत. मला ते जास्त लागलं. मग प्रत त्यांना द्यावी म्हणून पेनड्राइव्हवर टाकायला गेले तर जात नाही! ड्राइव्ह फॅट३२, त्यावर एक फाइल ४ जीबीहून मोठी बसत नाही, आणि ही चौदा जीबीची. बी.ई.च्या उंबरठ्यावर असलेल्या मुलीला हे दुकानात उभ्याउभ्या कळावं!

तिसरा, सुरक्षिततेचा. लोक म्हणतात व्हर्च्युअल मशीनमध्ये व्हायरस आला तरी बाहेर येत नाही. बहुतेक वेळा खरं आहे. पण २०१५ मध्ये व्हेनम नावाची एक चूक सापडली, तिच्यातून गेस्टला भिंत फोडून होस्टमध्ये शिरता आलं असतं. चूक कुठे होती माहितीये? फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग करणाऱ्या कोडमध्ये! ज्या फ्लॉपी कोणी वापरत नव्हतं, त्यांच्यासाठी लिहिलेला कोड अकरा वर्षं तसाच पडून होता. काकांच्या दोनशे फ्लॉपी आठवून मला हसूही आलं आणि धडकीही भरली. त्यांच्या विंडोज २००० ला सुरक्षेचे अपडेट २०१० मध्येच बंद झालेत. म्हणून मी त्या मशीनचं इंटरनेट आतून कायमचं काढून टाकलंय आणि फ्लॉपी ड्राइव्हही.

मग माझ्या लॅपटॉपचं काय झालं? तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली, तेव्हा लॅपटॉप पंधरा दिवस काकांकडे होता. माझी प्रॅक्टिकल तोंडावर, आणि मी मैत्रिणीच्या मशीनवर रात्री अकरानंतर. बाबा म्हणाले, "मी सांगितलं होतं मधे काही मागायचं नाही." मी काही मागितलं नाही, पण चेहरा दिसला असावा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि ज्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही असे ऑफिसातले डेस्कटॉप लोक काढून टाकायला लागले. काकांनी त्यातलाच एक घेतला. त्यावर मी लिनक्स टाकलं आणि आत काकांचं २०००. मशीन चालू केलं की ते आपोआप पूर्ण स्क्रीनभर उघडतं. दुकानात काम करणाऱ्या दादाला अजून माहीत नाही की मधे लिनक्स आहे. तो म्हणतो, "काका, जुनं मशीन रिपेर झालं वाटतं!" त्या आधीच्या प्रतीच्या आता तीन जागी तीन प्रती आहेत, एक आमच्या घरी आईच्या साड्यांच्या कपाटात.

कॉपी-पेस्टवर अख्खा सिंहस्थ काढता येणार नाही हे काकांनाही कळतंय. म्हणून आता मी जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा छोटा प्रोग्रॅम लिहितेय. कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर, याचा तक्ता काका वहीत लिहून देतात आणि मी तो पायथनमध्ये घालते. वाटलं होतं दोन दिवसांचं काम. पण जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, आणि युनिकोडमध्ये नंतर. रफार कुठून उचलून कुठे नेऊन ठेवायचा ते वेगळंच. 'ग' चा कानासुद्धा वेगळा साठवलेला, म्हणजे अर्धा 'ग' आणि एक दांडी मिळून अख्खा 'ग'. ह्या निमित्ताने वेलांटी, रफार, जोडाक्षर माझ्या जितकं डोक्यात बसलं तितकं दहा वर्षांच्या शाळेत बसलं नव्हतं. काका वहीवर माझं अक्षर बघून म्हणतात, "'पत्रिका' ला पहिली वेलांटी गं बाई." मी खोडते, प्रोग्रॅममध्येही खोडते.

परवा २०१५ चं एक पत्रक त्यातून काढलं. पत्ता बरोबर, तारखा बरोबर, 'कुशावर्त' सुद्धा बरोबर, रफारासकट. काका चष्मा लावून एकेक ओळ बोटाने वाचत खाली आले आणि बोट थांबलं. तीर्थाच्या गावाचं नाव चुकलं होतं. 'त' ला 'र', त्याला 'य', त्यावर अनुस्वार, एवढी चार माणसं एका अक्षरात बसवायची म्हणजे माझ्या प्रोग्रॅमची भंबेरी उडते.

"बाकी राहू दे," काका म्हणाले, "आधी त्र्यंबकेश्वर नीट कर. कुंभ तिथेच भरतो."

सध्या तेच करतेय. सबमिशन पुढच्या सोमवारी आहे.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी